कलाकाराला गावात राहायला बोलावतात, म्हणजे नेमकं काय? आर्टिस्ट रेसिडेन्सी समजून घ्या, डहाणूच्या गंजाडपासून

इन्स्टाग्रामवर चार चित्रकार आणि दोन फोटोग्राफर फॉलो करत असाल, तर ही पोस्ट तुमच्यासमोर आलेली असणार. हिरवं शेत, मातीची भिंत, खिडकीपाशी लाकडी टेबल आणि वर ठळक अक्षरात 'ओपन कॉल'. खाली लिहिलेलं असतं की महिनाभर आमच्याकडे राहा, काम करा, निसर्गाच्या सान्निध्यात स्वतःला शोधा. काही ठिकाणी राहणं-जेवण फुकट आणि वर मानधन. काही ठिकाणी मात्र शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात एक रक्कम असते, जी तुम्हालाच भरायची असते.

याला आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणतात. मराठीत 'निवासी कला उपक्रम' असा जड शब्द कधीकधी वाचायला मिळतो, पण कलाकार मंडळी सरळ 'रेसिडेन्सी'च म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर कलाकाराला ठरावीक काळासाठी राहायला जागा, कामाला जागा आणि रोजच्या कटकटींपासून सुटका. दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचा मुक्काम सर्रास असतो. शेवटी बहुतेक ठिकाणी 'ओपन स्टुडिओ' असतो, म्हणजे लोकांना बोलावून झालेलं काम दाखवायचं.

रेसिडेन्सी आणि प्रदर्शन यांत गल्लत होते. बेलापूरचं सिडकोचं अर्बन हाट नवी मुंबईकरांना माहीत आहे. तिथे वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर येतात, स्टॉल लावतात आणि माल विकून परत जातात. तो बाजार आहे आणि बाजार म्हणून महत्त्वाचा आहे. रेसिडेन्सीत विक्रीची अट नसते. किंबहुना 'मुक्काम संपला तरी चित्र पूर्ण झालं नाही' हे चालवून घेतलं जातं, निदान चांगल्या ठिकाणी तरी.

ही पद्धत आली कुठून?

सतराव्या शतकातल्या फ्रान्समधून, असं साधारणपणे सांगितलं जातं. चौदाव्या लुईच्या काळात, १६६६ मध्ये, रोममध्ये फ्रेंच अकादमी सुरू झाली आणि फ्रान्सचे तरुण चित्रकार-शिल्पकार सरकारी खर्चाने तिथे राहू लागले. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात १९०७ मध्ये 'मॅकडॉवेल' ही वसाहत सुरू झाली. शहराबाहेर, झाडीत, शांतपणे काम करण्याची जी कल्पना आज इन्स्टाग्रामवर दिसते, तिचं मूळ अशा वसाहतींमध्ये आहे.

भारतात १९९७ मध्ये दिल्लीजवळच्या मोदीनगरला 'खोज'ची पहिली कार्यशाळा झाली. देशी-परदेशी कलाकार एकत्र राहिले आणि एकत्र काम केलं. पुढे खोज दिल्लीच्या खिडकी गावात स्थिरावलं आणि आजच्या भारतीय रेसिडेन्सींची भाषा बऱ्याच अंशी तिथेच घडली. आता तर उद्योगसमूहही यात उतरलेत. कर्नाटकात हम्पीपासून जवळ, जिंदाल समूहाच्या तोरणगल्लूमध्ये २०२४ साली 'हम्पी आर्ट लॅब्स' सुरू झालं. नवी मुंबईच्या अगदी जवळचं उदाहरण हवं असेल तर पनवेलच्या पुढे, कर्जतला, चित्रकार गंगा कडाकिया यांचं 'आर्ट व्हिलेज कर्जत' आहे. तिथलं मातीचं बांधकाम बघायला आर्किटेक्चरचे विद्यार्थीही जातात.

पण या सगळ्यात गाव हे बहुतेकदा पार्श्वभूमीला असतं. कलाकार येतो, झाडं बघतो, चित्र काढतो आणि जातो. गावात राहणारा माणूस स्वतःच कलाकार असेल तर काय होतं, हे बघायला पालघर जिल्ह्यात जावं लागतं.

गंजाडचा किस्सा

डहाणू तालुक्यातलं गंजाड हे जिव्या सोमा म्हसे यांचं गाव. वारली चित्रकला लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर नेणारे म्हसे २०१८ मध्ये गेले. २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांच्या हातात कागद आला तो १९७० च्या दशकात, भास्कर कुलकर्णी या चित्रकारामुळे. कुलकर्णी मुंबईहून वारली पाड्यांवर आले आणि तिथेच रमले. त्या मुक्कामाला तेव्हा कोणी रेसिडेन्सी म्हटलं नाही, अर्ज-बिर्ज तर लांबच. पण परिणाम बघितला तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही रेसिडेन्सीपेक्षा तो मोठा ठरला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती नेहमी राहून जाते. लग्नातला देवचौक लिहिण्याचं काम परंपरेने सवाशिणींचं. कागद आला, पैसा आला, परदेशदौरे आले आणि नावं झाली ती मुख्यतः पुरुषांची. बाहेरचा माणूस गावात कोणाला भेटतो आणि कोणाच्या हातात कागद देतो, यावर पुढची पन्नास वर्षं ठरू शकतात.

२००३ मध्ये ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग वारली भागात आले. लाँग म्हणजे चालणं हीच कला मानणारा माणूस, माळरानावर दगड रचून वर्तुळं करणारा. त्यांचं आणि म्हसे यांचं काम त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला एकत्र मांडलं गेलं.

मग आलं २०१३. दिल्लीच्या फोटोग्राफर गौरी गिल गंजाडच्या प्राथमिक शाळेत काम करण्यासाठी आल्या आणि वारली चित्रकार राजेश वांगड यांच्या घरी राहिल्या. (गंजाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.) गिल यांनी आसपासच्या परिसराचे फोटो काढले. पण वांगड त्यांना त्याच जागांबद्दल जे सांगत होते, ते फोटोत कुठेच नव्हतं. इथे कोणता देव आहे, इथलं जंगल कधी गेलं, इथे काय घडलं होतं. कॅमेऱ्याला टेकडी दिसत होती, टेकडीची गोष्ट दिसत नव्हती.

उपाय निघाला तो असा. काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या मोठ्या प्रिंट काढायच्या आणि त्यावर वांगड यांनी शाईने चित्र काढायचं. आकाशात, शेतात, रस्त्यावर, जिथे रिकामी जागा असेल तिथे. 'फील्ड्स ऑफ साइट' नावाची ही मालिका पुढे वाढत गेली आणि २०१७ च्या 'डॉक्युमेंटा १४' मध्ये पोहोचली. डॉक्युमेंटा म्हणजे जर्मनीतल्या कासेल शहरात साधारण दर पाच वर्षांनी भरणारं, समकालीन कलेतलं जगातलं सर्वांत वजनदार प्रदर्शन. त्या वेळी ते अथेन्समध्येही झालं.

यातली सगळ्यात महत्त्वाची बाब चित्रात दिसत नाही, ती चित्राखालच्या पट्टीवर असते. तिथे दोन नावं असतात, गौरी गिल आणि राजेश वांगड. 'स्थानिक कलाकाराच्या मदतीने' असं लिहून मोकळं होणं सोपं होतं, आणि जगभर तसं होतंही.

गिल यांचं २०१५ पासूनचं दुसरं काम जव्हारमधलं. तिथल्या बोहाड्याचे मुखवटे प्रसिद्ध आहेत. देवदेवतांचे मुखवटे करणाऱ्या भगवान आणि सुभाष धर्मा कडू या भावांना त्यांनी विचारलं, आजच्या जगण्याचे मुखवटे केले तर? मग माणसं आली, पशुपक्षी आले, रोजच्या वापरातल्या वस्तू आल्या. गावकऱ्यांनी ते मुखवटे चढवून रोजचेच प्रसंग कॅमेऱ्यासमोर उभे केले. तेही काम डॉक्युमेंटात दाखवलं गेलं आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ मध्ये.

गंजाडला जपान्यांचाही राबता आहे. अकिको ओकुनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बिहारच्या सुजाता गावातल्या शाळेत 'वॉल आर्ट फेस्टिव्हल' सुरू केला आणि पुढे तो गंजाडला आणला. जपानी आणि भारतीय कलाकार गावात राहतात, शाळेच्या भिंती रंगवतात, मुलं बघत बसतात आणि मग हळूहळू ब्रश मागतात. गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ उलट दिशेने गेले. जपानमधल्या अवाशिमा बेटावर राहून त्यांनी काम केलं. डोंगर-जंगलाच्या चित्रपरंपरेत वाढलेले दोघं तिथे समुद्राचा तळ काढत होते.

जपानची खेडी कलाकार का बोलावतात?

कारण तिथे माणसंच उरली नाहीत. शिकोकू बेटावरच्या कामियामा गावाने १९९९ पासून दरवर्षी मोजक्या कलाकारांना शरद ऋतूत राहायला बोलवायला सुरुवात केली. तरुण शहरात गेलेले, घरं बंद, शाळा ओस. कलाकारांच्या मागोमाग इतर लोकही आले आणि पुढे आयटी कंपन्यांनी तिथल्या जुन्या घरांत छोटी ऑफिसं थाटली. निइगाता प्रांतात २००० पासून भरणारा 'एचिगो-त्सुमारी' महोत्सवही बंद शाळा आणि रिकाम्या घरांमध्येच होतो.

आपल्याकडे हे मॉडेल जसंच्या तसं उचलता येत नाही. कोकणात बंद घरांची कमी नाही हे खरं, पण त्या प्रत्येक घराला मुंबईत चार-सहा वारसदार असतात आणि गणपतीला ते सगळे येतात. आदिवासी पाड्यांवर घर रिकामं असतं ते वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचं, आणि ती रिकामी जागा म्हणजे कलेला संधी वगैरे म्हणणं क्रूरपणाचं होईल. हवामानही आहेच. जून ते सप्टेंबर भातलावणी आणि पाऊस. त्या काळात पाड्यावर कोणाला वेळ नसतो, आणि कागदाला बुरशी येते ती वेगळी. गावाबरोबर काम करायचं असेल तर कापणीनंतरचे महिने बरे.

काळी बाजू

एचिगो-त्सुमारीच्याच परिसरात, तोकामाची शहराजवळ, मिथिला म्युझियम आहे. भारतीय लोककलाकारांना बोलावून, महिनोन्‌महिने ठेवून काम करून घेणारी ही जागा. गंगादेवींसारखे मोठे कलाकार तिथे राहून आले. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम हेही तिथे गेले. १९८९ च्या पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात म्हसे आणि जनगढ दोघांचीही चित्रं होती, इतकं त्यांचं नाव होतं. २००१ च्या जुलैमध्ये तिथल्या मुक्कामातच जनगढ यांनी आयुष्य संपवलं. वय चाळिशीच्या आसपास.

त्यानंतर भारतातल्या कलाकारांनी जाहीरपणे प्रश्न विचारले. करार कोणत्या भाषेत होता? मानधन किती? परतीची तारीख कोण ठरवतं? भाषा न समजणाऱ्या देशात एकटा राहणाऱ्या माणसाने मन मोकळं करायचं कोणाकडे? इतकी वर्षं उलटली तरी रेसिडेन्सीला निघालेल्या प्रत्येकाने हेच प्रश्न विचारायला हवेत. अनुभवी शहरी कलाकार ते विचारतात. ज्याला ईमेल दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, त्याला विचारणं जड जातं.

अर्ज करण्याआधी काय बघायचं?

अर्जात साधारणपणे कामाचे फोटो, थोडक्यात परिचय, 'इथे येऊन काय करणार' याचं टिपण आणि कधीकधी खर्चाचा अंदाज मागतात. बहुतेक अर्ज इंग्रजीत असतात. मराठीत लिहिलं तर चालेल का, हे एक ईमेल टाकून विचारायला हरकत नाही.

पैशांच्या बाबतीत तीन प्रकार दिसतात. सगळा खर्च आयोजकांचा, अर्धा-अर्धा किंवा सगळा तुमचा. तिसऱ्या प्रकारात फसवणूकच असते असं नाही, पण मग ती निवड कमी आणि बुकिंग जास्त असतं. 'तुमची निवड झाली आहे, अभिनंदन' या मेलसोबत पैसे भरायची लिंक आली, तर आधी तिथे राहून आलेल्या दोन कलाकारांना मेसेज करा. नावं त्यांच्याच इन्स्टाग्राम पेजवर मिळतात.

आता हक्कांचं. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) चित्राचा पहिला मालक चित्रकारच असतो. पण कलम १७ मध्ये एक मेख आहे. कोणी मोबदला देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून चित्र काढून घेतलं किंवा फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट त्या सांगणाऱ्याकडे जाऊ शकतो. रेसिडेन्सीचं मानधन हा असा 'मोबदला' आहे का, यावर वाद होऊ नये म्हणून 'कॉपीराइट कलाकाराकडे राहील' ही एक ओळ करारात लिहून घ्यावी. हक्क दिलेच तर तेही लेखी असावे लागतात. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. नाव लावून घेण्याचा हक्क मात्र कॉपीराइट विकल्यावरही कलम ५७ खाली कलाकाराकडेच राहतो.

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. त्यामुळे रेसिडेन्सीत आठवडाभर शिकून शहरात परतल्यावर 'वारली' नावाने कप आणि कुर्ते विकायचा विचार असेल, तर तिथेही कायद्याशी गाठ पडू शकते. आणि पाड्यावर काढलेले फोटो, रील्स? ज्यांच्या घरात राहिलात त्यांना पोस्ट टाकण्याआधी फोनवर दाखवा. हल्ली तिथेही सगळ्यांकडे इन्स्टाग्राम आहे, टॅग केलं नाही तर कळतं.