शब्दवेध : सिडनी

जानेवारी १७८८. ब्रिटिश कैद्यांना घेऊन आलेल्या ११ जहाजांना बॉटनी बे मानवले नाही. तिथे ना पुरेसे गोडे पाणी, ना वाऱ्यापासून आडोसा. कॅप्टन आर्थर फिलिपने उत्तरेची खोल खाडी निवडली आणि तिला गृहमंत्री लॉर्ड सिडनीचे नाव दिले. या सिडनीने ऑस्ट्रेलियात कधी पाऊलही ठेवले नाही!

तिथल्या ओढ्याकाठच्या खडकात पुढे पाणी साठवायला टाकी खोदली, म्हणून तो ‘टँक स्ट्रीम’. इंग्रजी ‘टँक’चे मूळ अनेक कोशकार गुजराती-मराठी ‘टांके’त शोधतात, म्हणजे आपल्या गडांवरच्या टाक्यांचेच हे गोत.

इथले मूळ रहिवासी गडिगल लोक मात्र या खाडीला आधीपासून ‘वारान’ म्हणत. मूळ नाव तेच; सिडनी म्हणताना तेही उच्चारायला हवे.