व्हीट्स्टन सेतू : पुरवठा दाब आणि संतुलन

अज्ञात रोध अचूकपणे मोजण्यासाठी वापरण्यात येणारे चार रोधकांचे विद्युत् मंडल. यात रो१ व रो२ यांची एकसरी आणि रो३ व रो४ यांची एकसरी अशा दोन शाखा एकाच घटमालेला समांतर जोडतात. शाखांच्या मध्यबिंदूंमध्ये गॅल्व्हानोमीटर ठेवतात. रो१/रो२ = रो३/रो४ झाल्यास दोन्ही मध्यबिंदूंचे वर्चस् समान होते, गॅल्व्हानोमीटरमधून प्रवाह वाहत नाही व सेतू संतुलित होतो. या अटीत घटमालेचा दाब येत नाही, कारण प्रत्येक शाखेत तो रोधांच्या प्रमाणातच विभागला जातो.

ही मांडणी सॅम्युएल हंटर क्रिस्टी (१७८४–१८६५) यांनी १८३३ मध्ये धातूंच्या संवाहकतेची तुलना करण्यासाठी वर्णिली. चार्ल्स व्हीट्स्टन (१८०२–७५) यांनी १८४३ मध्ये रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानात तिची उपयुक्तता दाखविली व मूळ श्रेय क्रिस्टी यांना दिले. तथापि नाव व्हीट्स्टन यांचेच रूढ झाले. तत्कालीन साध्या घटांचा दाब ध्रुवणामुळे वापरताना घटत असे. त्यामुळे केवळ गॅल्व्हानोमीटरच्या विचलनावरून काढलेला रोध विश्वसनीय नसे. शून्य विचलनाच्या पद्धतीने ही अडचण दूर झाली.

दाब संतुलनाच्या अटीत नसला, तरी संवेदनशीलता त्यावर अवलंबून असते. संतुलनाजवळ ठराविक रोधबदलामुळे होणारे विचलन दाबाच्या सम प्रमाणात वाढते. मात्र रोधकांत निर्माण होणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; तापमानाबरोबर रोध बदलतात व संतुलनबिंदूच सरकतो. म्हणून दाब हवा तेवढा वाढविता येत नाही.

पुढे असंतुलित सेतूही मापनासाठी वापरात आला. सॅम्युएल लँग्ली यांच्या बोलोमीटरमध्ये (सु. १८८०) प्रारणामुळे तापलेल्या धातुपट्टीच्या रोधातील बदल विचलनावरून मोजला जाई. १९३८ मध्ये सिमन्स व रूज यांनी स्वतंत्रपणे बनविलेल्या तारेच्या विकृतिमापकांसाठीही सेतू उपयुक्त ठरला. चार समान रोधांच्या सेतूला १० व्होल्ट दाब दिला व एका १२० ओहम विकृतिमापकाचा रोध ०.१ टक्क्याने बदलला, तर सु. २.५ मिलिव्होल्ट प्रदान मिळते. पुरवठा १ टक्क्याने घटल्यास विकृती तीच असूनही प्रदान १ टक्क्याने घटते. यासाठी स्थिर दाब वापरतात किंवा प्रदानाचे पुरवठा दाबाशी असलेले गुणोत्तर मोजतात. गुणोत्तर घेतल्यास दाब पुन्हा निष्कर्षातून वगळला जातो.