वंजुला, वानीर आणि वाळुंज

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा कर्नाटक व तेलंगणातून मोठा वळसा घेऊन पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेवर येते, बिलोली तालुक्याला स्पर्श करते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीत विलीन होते. मत्स्यपुराणातील दक्षिणापथाच्या नद्यांच्या यादीत गोदावरी, भीमरथी व कृष्णवेणी यांच्या पंक्तीत 'वंजुला' हे नाव येते. ही वंजुला म्हणजेच मांजरा, असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. या नदीनामात एक झाड दडलेले आहे काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारण्यासारखा आहे.

अमरकोशात वेतसाच्या पर्यायांमध्ये 'वानीर' आणि 'वंजुल' हे शब्द येतात. मात्र तोच कोश तिनिश आणि अशोक या वृक्षांनाही वंजुल म्हणतो. त्यामुळे केवळ नावावरून मांजरेच्या काठी वेतसवने होती असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. गोदावरीच्या बाबतीत मात्र वाङ्मयीन साक्ष स्पष्ट आहे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात पुष्पक विमानातून परतणारा राम सीतेला गोदातीर दाखवतो, तेव्हा त्याला तेथील वानीरगृहातील विश्रांती आठवते. विदर्भातील भवभूतीनेही उत्तररामचरिताच्या दुसऱ्या अंकात दंडकारण्यातील ओढ्यांवर वानीराची छाया धरली आहे. ध्वन्यालोक आणि काव्यप्रकाश यांत आलेली एक प्राकृत गाथा तर आपण वर्गात हमखास शिकवतो. वानीरकुंजातून उडालेल्या पाखरांचा कलकलाट ऐकून घरकामात गुंतलेल्या वधूची गात्रे गळून जातात. प्रियकर संकेतस्थळी पोहोचला, हा तेथील व्यंग्यार्थ.

व्यंग्यार्थाची चर्चा आपण तास तास करतो. वाच्यार्थातील झाडापाशी मात्र थांबत नाही. वानीर आणि वेतस यांचा अर्थ मराठीत बहुधा 'वेत' असा दिला जातो. वेत ही काटेरी, चढणारी वेल असून ती कोकण-सह्याद्रीच्या दमट अरण्यातली आहे. पठारावरील नदीकाठी शोभेल असे झाड म्हणजे वाळुंज. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे 'सॅलिक्स टेट्रास्पर्मा' असे नामकरण केले. महाबळेश्वर परिसरातील ओढ्यांकाठी ते आढळते. पाने लांबट, खालून फिकट. नर व मादी झाडे वेगळी. बिया कापसासारख्या तंतूंवर तरंगत जाणाऱ्या. ओल्या मातीत खोचलेली फांदीही मूळ धरते आणि मुळांचे जाळे काठ धरून ठेवते. लवचीक फोकांच्या टोपल्या विणतात. वाळुंजाच्या कुळातील झाडांच्या सालीत सॅलिसिन असते; अ‍ॅस्पिरिनचा इतिहास तेथूनच सुरू होतो.

नावांचा असा घोटाळा केवळ आपल्याकडेच झाला असे नाही. बागेत लावल्या जाणाऱ्या, फांद्या खाली सोडणाऱ्या विलोला लिनियसने 1753 मध्ये 'बॅबिलोनिका' म्हटले. ते झाड चीनचे. बॅबिलोनच्या नदीकाठचे बायबलमधील वृक्ष बहुधा पॉपलर होते.

महाभारताच्या शांतिपर्वातील सरित्सागरसंवादात समुद्र नद्यांना विचारतो, की तुम्ही मोठमोठे वृक्ष उपटून आणता, पण वेतस कधी का आणत नाही? गंगा उत्तरते, की तो प्रवाहापुढे वाकतो आणि पूर ओसरताच पुन्हा उभा राहतो. तुकोबांच्या अभंगात हीच कल्पना येते, तेव्हा वेतसाच्या जागी लव्हाळे असतात. दृष्टान्त टिकला, झाड बदलले. आज वाळुंज नावाची गावे आणि वाळुंज हे आडनाव आपल्या परिचयाचे आहे. परंतु हा शब्द उच्चारताच झाड डोळ्यांसमोर येत नाही.

याचा तोटा केवळ कोशापुरता नाही. वाळुंजासारख्या झाडाला उथळ पाणी, गाळ आणि स्थिर काठ लागतो. वाळूउपशाने नदीचे पात्र खोल जाते, काठ ढासळतात आणि अशा झाडाला रुजायला जागा उरत नाही. गंगेने समुद्राला दिलेले उत्तर पुरापुरते खरे होते. पुरापुढे वाकता येते. पण मुळांखालची वाळूच काढून नेली, तर वाकण्याचे शहाणपण उपयोगी पडत नाही. रघुवंशातील वानीरगृह शिकवताना 'वेताची झोपडी' असे सांगून पुढे जाण्याऐवजी वाळुंजाचे नाव घ्यावे. बिलोलीच्या विद्यार्थ्याला त्यामुळे आपल्या नदीचे जुने नावही कळेल आणि तिचा काठ कशाने बांधला जातो, हेही.