सनद आणि इंद्रावती

हेमलकशाजवळ, भामरागडला, पर्लकोटा आणि पामुलगौतमी इंद्रावतीला मिळतात. पलीकडे छत्तीसगड. बोली मात्र दोन्ही काठांवर माडियाच. वकिलीच्या सनदेचा इतिहास मी त्या संगमावरून उलट वाचत गेलो.

इंग्रजी अमलात अलीकडे चांदा जिल्हा होता, पलीकडे बस्तर संस्थान. ब्रिटिश हद्दीतला 1926 चा बार कौन्सिल कायदा संस्थानाला लागू नव्हता. 1961 च्या अधिवक्ता कायद्याने नोंदणी राज्यवार ठेवली, पण कलम 30 मध्ये देशभर वकिली करण्याचा हक्क दिला. ते कलम अमलात आले 15 जून 2011 रोजी. पन्नास वर्षांनी! त्याच वर्षी 6 मार्चला अखिल भारतीय बार परीक्षा पहिल्यांदा झाली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली.

ही परीक्षा मराठीत देता येते, हिंदीतही. माडियात नाही. लोक बिरादरीच्या आश्रमशाळेत शिकलेले लालसू नोगोटी माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले जातात. अशा वकिलाची सनद आता नदी ओलांडू शकते, आणि मला वाटते, तिचा खरा उपयोग इथेच आहे. गडचिरोलीच्या न्यायालयात मराठी चालते, पलीकडे बिजापूरला हिंदी. ज्या साक्षीदाराला माडियाच येते, त्याचे म्हणणे दोन्हीकडे दुभाष्याच्या तोंडून नोंदले जाते. त्या दुभाष्याची परीक्षा कोणतीही बार कौन्सिल घेत नाही.