मूळ गाव : भिलाई

गेल्या गणेशोत्सवाच्या तयारीत भिलाईच्या आमच्या तरुण मंडळींनी वर्गणीदारांची एक यादी केली. तीत ‘मूळ गाव’ असा रकाना होता. वडीलधाऱ्यांनी वर्धा, अमरावती, सातारा अशी गावे लिहिली. एका अठरा वर्षांच्या मुलाने मात्र निःशंकपणे ‘सेक्टर 6, भिलाई’ असे लिहून टाकले. आम्ही हसलो. मागाहून वाटले, यात हसण्यासारखे काय होते? येथील पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या सुमारास आलेल्या कुटुंबांची नातवंडे आता तरुण आहेत. साताऱ्याची वाट त्यांना ठाऊक नसली तर तो त्यांचा अपराध कसा?

मराठीपण आपणच महाराष्ट्रातून ट्रंकेत घालून येथे आणले, अशी आम्हां बदलीवर आलेल्यांची गोड समजूत असते. इतिहास निराळे सांगतो. 1741 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून आले आणि तेथील वृद्ध हैहयवंशी राजा रघुनाथसिंह शरण आला. नगरावर लाख रुपयांचा दंड बसला. हा आरंभ काही गौरवाचा नव्हे. पण तो मुलांपासून लपवू नये. त्यांचे छत्तीसगढी सोबतीही हाच इतिहास वाचतात.

पुढे 1758 पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरासच राहिले, ते 1787 मध्ये मृत्यू येईपर्यंत. तेथील रामटेकडीवरचे राममंदिर त्यांनी बांधविले. दरबारात मराठी आणि मोडी आली. दसऱ्याला सोने देण्याची चाल या मुलखात रूढ केल्याचे श्रेयही स्थानिक इतिहासकार त्यांनाच देतात. त्यांच्या पश्चात व्यंकोजी भोसले नागपुरासच राहिले आणि सुभेदार धाडू लागले. विठ्ठलराव दिनकरांनी जुने गढ मोडून परगणे केले, त्यांवर कमाविसदार नेमले. हे सारे आमच्यासारखेच बदलीवर आलेले अधिकारी! वसुली चोख व्हावी आणि नागपूरची मर्जी राहावी, एवढीच बहुधा त्यांची दृष्टी असे. लोकांच्या स्मरणात बिंबाजी राहिले. सुभेदारांची नावे परीक्षेपुरती उरली. 1854 मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. असो.

राज्य गेल्यावर जे घडले ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे, तिघेही मराठी. त्याच मासिकात 1901 मध्ये आलेली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतील पहिली कथा होय, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले तेही सप्र्यांनीच. परभाषेत लिहिल्याने त्यांचे मराठीपण उणे झाले, असे कोण म्हणेल?

शेजारच्या राजनांदगावचे उदाहरण तर अगदी घरचे. गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून तेथील दिग्विजय महाविद्यालयात हिंदी शिकवीत. 1964 मध्ये ते निवर्तले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी व समीक्षक. 1979 मध्ये ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. एकाच घरातले दोघे भाऊ दोन भाषांत मोठे झाले, आणि कोणी कोणाला परका म्हटले नाही.

हे सारे आम्ही त्या मुलांना एका संध्याकाळी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि एकीने विचारले, “मग काका, दरवर्षी सहल नागपूरलाच का नेता?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. यंदा बस रतनपूरला जाणार आहे. छत्तीसगढी मित्रांनाही न्यायचे, असा मुलांचा आग्रह आहे. वर्गणी तेवढी आम्ही जमवायची.