गंज, गोलाई आणि लाईन : लातूरच्या पेठेतील शब्दस्तर

पेठेचा इतिहास दप्तरांत शोधण्याचा प्रघात आहे; तथापि पुष्कळदा तो तिच्या नावांतच अधिक स्पष्टपणे टिकून राहतो. लातूरची गंजगोलाई हे याचे ठळक उदाहरण होय. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या या दुमजली वर्तुळाकार वास्तूचे साल १९१७ असे नोंदले जाते. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर असून १६ रस्ते तेथे येऊन मिळतात. मिरची-गुळापासून सोन्याच्या अलंकारांपर्यंत सर्व जिन्नस या रस्त्यांवर विकले जातात.

‘गंज’ हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ खजिना. हिंदुस्थानात त्यास धान्याच्या पेठेचा अर्थ प्राप्त झाला. ‘गोलाई’ उर्दूच्या वळणाचा. ही दोन्ही नावे निजामी राज्यकारभाराची भाषा सांगतात. सभोवती मात्र ‘कापड लाईन’, ‘भुसार लाईन’ अशी नावे आढळतात. त्यांत जिन्नस मराठी आणि रांग इंग्रजी. ‘सराफ लाईन’मध्ये तर मूळचा अरबी शब्द त्या रांगेत येऊन बसला आहे.

हा संकर आकस्मिक नव्हे. नांदेड हैदराबाद-मनमाड लोहमार्गावर असल्याने त्यास राजधानी व मुंबई या दोन्ही दिशा खुल्या होत्या. लातूरला मात्र १९११ मध्ये आलेली बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी पश्चिमेकडेच, बार्शी-कुर्डुवाडीकडे जात असे. त्यामुळे सारा हैदराबादच्या खजिन्यात आणि माल मुंबईच्या वाटेने, अशी या पेठेची द्विमुखी स्थिती झाली. व्यापाऱ्यास हाली आणि कळदार या दोन्ही नाण्यांचा हिशेब ठेवणे भाग होते. अखेरच्या काळात ७ हाली रुपयांस ६ कळदार असा भाव होता. हाली नाणे १९५९ मध्ये व्यवहारातून गेले.

१९४८ मध्ये संस्थानाचे विलीनीकरण झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग बनला. राज्यकारभाराची भाषा पालटली. पेठेची नावे टिकली. अशा नावांस परकीय सत्तेचे अवशेष मानून शुद्ध मराठी पर्याय सुचविण्याची प्रवृत्ती अभ्यासकांनी सावधपणे तपासावयास हवी. ‘गंज’ वगळल्यास निजामी अमलाची आणि ‘लाईन’ वगळल्यास इंग्रजीच्या संपर्काची साक्ष लुप्त होईल. अंबाबाईच्या दर्शनास निघालेला लातूरकर आजही ‘गोलाईत जातो’ असेच म्हणतो; त्याच्या बोलण्यात तो शब्द केव्हाच मराठी झाला आहे.