सारंगाच्या जागेवर

गेल्या महिन्यात एका शिक्षणसंस्थेने मला 'प्लेसमेंट प्रमुख' या पदासाठी बोलावले होते. उर्दू-मराठी शिकवता शिकवता गेली काही वर्षे मी शाळेत करिअर मार्गदर्शनाचा तास घेतो, एवढीच माझी पात्रता. पगार आताच्या दीडपट. पहिलाच प्रश्न आला, "सर, तुम्ही किती कंपन्या आणाल?"

मला आजोबा आठवले.

ते श्रीवर्धनहून आगबोटीने मुंबईला गेले तेव्हा आपले गाव जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानात होते. खिशात गावच्या एका सारंगाच्या नावाची चिठ्ठी होती. जहाजावर नोकरी म्हणजे सारंगाची मर्जी. डेकवरच्या खलाशांचा तो मुकादम, आणि भरती करणाराही तोच. तो आपल्याच गावची, नात्यातली पोरे घ्यायचा. म्हणून मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर कोकणी मुसलमान असत, इंजिनखोलीत पंजाबी आणि पठाण, तर जेवणघरात गोवेकर. आजही आपल्या किनाऱ्यावर सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावे आहेत.

सारंग नुसता लुटारू होता असे मी म्हणणार नाही. बेकारीच्या महिन्यांत तोच उसने द्यायचा, मुंबईत राहण्याजेवणाची सोय बघायचा, घरी निरोप पोचवायचा. पण पहिल्या पगारातला मोठा वाटा त्याचा, आणि पुढची बोट हवी तर पुन्हा काहीतरी हातावर ठेवायचे. आजोबांचे पहिल्या फेरीचे कर्ज तिसऱ्या फेरीत फिटले. ही गोष्ट ते हसत सांगत, दादी मात्र हसत नसे.

हा धंदा जगाला ठाऊक होता. १९२० मध्ये जिनोआ येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या परिषदेत खलाशांच्या नोकऱ्यांविषयी करार झाला. नोकरी मिळवून देणे हा नफ्याचा धंदा असू नये, खलाशाकडून त्यासाठी पैसे घेऊ नयेत, आणि जहाजमालक व खलाशी या दोघांच्या संघटनांनी मिळून मोफत नोकरी-कार्यालये चालवावीत, नाहीतर सरकारने चालवावीत, असे त्यात होते. आज ज्याला 'एम्प्लॉयर पार्टनरशिप' म्हणतात त्याची इतकी स्वच्छ व्याख्या मला दुसरीकडे सापडली नाही. मालक टेबलाशी आहे, पण खलाशीही आहे.

हिंदुस्थान सरकारने १९२२ मध्ये क्लो समिती नेमली. दलाल आणि सारंग यांच्या हातून भरती काढून घ्यावी, असा तिचा कल होता. तो अहवाल वर्षानुवर्षे पडून राहिला. कंपन्यांना सारंग सोयीचा होता: एका माणसाला सांगितले की पन्नास माणसे हजर, आणि भांडण झाले तर जबाबदार तोच. मुंबईत खलाशांचे सरकारी नोकरी-कार्यालय उघडले ते १९५४ मध्ये. म्हणजे जिनोआनंतर ३४ वर्षांनी. आजोबांची उमेदीची वर्षे त्यातच गेली. पुढे १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने खलाशाकडून भरतीचे पैसे घेणे गुन्हा ठरवला.

कार्यालयात नाव लागे, पाळी येई. पाळीची वाट बघण्यात महिने जात, हेही खरे. चाचा त्या रांगेला शिव्या घालत, पण तिथे कुणाच्या हातावर काही ठेवावे लागले असे ते कधी म्हणाले नाहीत.

२००५ च्या नियमांनी खासगी भरती कंपन्यांना परवाने मिळू लागले. उमेदवाराकडून पैसे घ्यायला त्यांनाही मनाई आहे. तरी दोन वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थ्याने एका एजंटाला घरचे दागिने विकून पैसे दिले आणि पाच महिन्यांनी पगाराविना परत आला. त्या एजंटाकडे परवानाच नव्हता. हे तपासायला दहा मिनिटे लागली असती. मीही त्याला तपासायला सांगितले नव्हते.

म्हणून मुलाखतीत मी उलट विचारले, "या विभागाचा खर्च कोण देणार, कंपन्या की मुले?" ते एकमेकांकडे बघू लागले. मग एकजण म्हणाले, "फीमध्येच धरलेला असतो सर." कंपनी निवडताना मुलांचा प्रतिनिधी बसेल का, यावर "बघू" असे उत्तर आले.

होकार अजून कळवलेला नाही. घरात बायकोचे मत वेगळे आहे; मुलीच्या बारावीनंतरचा खर्च समोर आहे आणि तिचेही बरोबर आहे. शनिवारी दहावीच्या मुलांना कॉम्प्युटरच्या खोलीत बसवून नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरची परवानाधारक कंपन्यांची यादी कशी शोधायची ते दाखवणार आहे. त्या माजी विद्यार्थ्यालाही बोलावले आहे. येतो म्हणालाय.